झोपेत दात खाणे : काय करावं, काय करू नये

परीक्षा तोंडावर आल्या की वसतिगृहाच्या खोल्यांतून रात्री करकर ऐकू येते. त्यावर ‘जंत झालेत, औषध घे’ हा घरगुती सल्ला ठरलेला, ज्याला ठोस आधार नाही. जाणकारांनी नेमके उपाय लिहावेत. कर्मकहाणी नको.

दाढोबा
आधी हे दिवसाचं की रात्रीचं ते ओळखा. उठल्या उठल्या कानशिलं जड, जबडा आखडलेला आणि तासाभरात मोकळा, तर बहुधा रात्रीचं. संध्याकाळी दुखणं वाढत असेल तर दिवसा नकळत दात आवळले जातायत. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत दहा-दहा तास मान खाली घालून बसणाऱ्यांनी हा दुसरा प्रकार आधी तपासावा, कारण त्याला रात्रीचं नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं कवच) काय करणार? सुळ्यांची टोकं सपाट झालीत का ते आरशात बघा. गालाच्या आतली पांढरी रेघ, जिभेच्या कडेचे ठसे पुष्कळांना एरवीही असतात. नुसत्या त्यावरून घाबरू नका.

टिकलीवाली
दिवसाच्या आवळण्यावर : ओठ मिटलेले, दात सुटे. वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिमी फट हीच जबड्याची आरामाची स्थिती. जिभेचं टोक ‘न’ म्हणताना टेकतं तिथं ठेवायचं. आठवण राहावी म्हणून लॅपटॉपच्या कडेला एक टिकली चिकटवा. नजर गेली की दात टेकलेत का बघायचं. आठवड्याभरात टिकली डोळ्यांच्या सवयीची होते आणि दिसेनाशी होते. मग जागा बदला. याच पायरीवर बहुतेक जण सोडून देतात.

गुलाबी अ‍ॅक्रिलिक
गार्डबद्दल. गार्ड दातांची झीज वाचवतं, दात खाणं थांबवेलच असं नाही. गरम पाण्यात मऊ करून चावायचं ऑनलाइन गार्ड स्वस्त, पण नीट बसत नाही आणि मऊ असल्यानं काही जण ते उलट जास्त चावतात. दंतवैद्याकडे माप देऊन कडक अ‍ॅक्रिलिकचं करून घ्या. बसवताना निळा कागद चावायला देऊन उंचवटे घासतात. ते झालं नाही तर सगळा भार एकाच दाढेवर येतो आणि तीच ठणकते. महिन्याभरानं पुन्हा दाखवा. धुवायला गार पाणी, मऊ ब्रश, साबणाचा थेंब. टूथपेस्टनं चरे पडतात, गिझरच्या कढत पाण्यानं आकार बिघडतो. डबा भोकांचा हवा.

कटिंगबंद
कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास. म्हणजे रात्री १० च्या चहातलं निम्मं पहाटे ३ ला अंगातच. टपरीवर त्याला सिगारेटची जोड असेल तर बोलायलाच नको, निकोटिनही झोप चाळवतं. चहा दुपारी ४ नंतर बंद. उठायची वेळ रविवारीही तीच, फार तर तासभर इकडेतिकडे. दुपारची डुलकी २० मिनिटं, गजर लावून.

दाढोबा
@कटिंगबंद, दोन गोष्टी जोडतो. नैराश्य किंवा चिंतेवरच्या काही गोळ्यांनी (फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन) दात आवळणं सुरू होऊ शकतं. गोळी परस्पर बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. आणि रूममेट म्हणत असेल की घोरता, मध्येच श्वास अडकतो, तर आधी झोपेची तपासणी, गार्ड नंतर.

टिकलीवाली
जबडा धरला असेल तर : कोमट ओला टॉवेल गालावर १० मिनिटं, मग दात आवळल्यावर गालात जो गोळा टणक लागतो तो बोटांनी हलका चोळायचा. च्युइंगम बंद. मेसमध्ये वरण-भात, खिचडी. कडक भाकरी आठवडाभर नको. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जात नसतील किंवा तोंड उघडताना अडकत असेल, तर शेकत बसू नका, दंतवैद्य गाठा.