हिटआउटचे गुण वाढवू नका

पुढच्या हंगामापासून आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या (एएफएल) फँटसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायच्या खेळात, हिटआउटला (पंचांनी उडवलेला चेंडू उडी मारून टोलवणं) एकाऐवजी दोन गुण द्यावेत, ही सूचना मला अजिबात पटत नाही. किकला ३, हँडबॉलला (मुठीने मारलेला पास) २, मार्कला (किक हवेतच झेलणं) ३, टॅकलला (चेंडूवाल्या विरोधकाला पकडून अडवणं) ४ या हिशेबात हिटआउटचा १ गुण बरोबर बसतो. टोलवलेला चेंडू आपल्या माणसाकडे गेला की विरोधकाच्या हाती पडला, हे त्यात बघितलंच जात नाही. मॅक्स गॉनसारखा रकमन (हे चेंडू टोलवणारा उंच खेळाडू) चांगल्या दिवशी चाळीसेक हिटआउट काढतो, म्हणजे थेट चाळीस गुण जास्त! मग ज्याच्याकडे गॉन, त्याचाच चषक.

बदल करायचाच तर बायच्या (काही एएफएल संघांना सामना नसलेल्या) आठवड्यांचा करा. तेव्हा आपल्या फँटसी संघातल्या २२ ऐवजी सर्वोत्तम १८ जणांचेच गुण धरावेत. २०२४ पासून ओपनिंग राउंडमुळे (पहिल्या फेरीआधी मोजक्याच संघांच्या सामन्यांची फेरी) काही संघांना सुरुवातीलाच बाय मिळतो, तिथेही हेच हवं.

पुरस्कार फक्त एकूण गुणांवर ठरवू नका. ब्राउनलो पदकासाठी (एएफएलच्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक) पंच दर सामन्यात खेळाडूंना देतात तशी ३-२-१ मतं दर आठवड्याच्या पहिल्या तीन फँटसी संघांना द्या. मार्चमध्ये मागे पडलेला माणूसही मग ऑगस्टपर्यंत मन लावून संघ निवडेल.