ए.ए.च्या मिटिंगमधल्या वाक्यांचा घरच्यांनी काय अर्थ घ्यायचा?

मृण्मयी_ठाणे
भाऊ नुकताच व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. रोज संध्याकाळी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (ए.ए., म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटाच्या) मिटिंगला जातो. तिथली वाक्यं सारखी तोंडात असतात: "फक्त आजचा दिवस", "पहिला पेला टाळा", "देवावर सोपवा", "परत येत राहा". आईला वाटतं, "फक्त आज" म्हणतो म्हणजे उद्याची सोय ठेवतोय. या वाक्यांचा प्रत्यक्षात उपयोग काय? आणि आम्ही त्याला ती आठवण म्हणून ऐकवावीत का? जाणकारांनी नेमकं सांगावं.

अवधूत
आईंची शंका स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे दारू सोडवायची नेहमीची रीत म्हणजे शपथ. देवासमोर नाहीतर मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, आणि जन्मभरासाठी. तलफ मात्र आत्ताची असते. "लग्नात काय करू, एकतीस डिसेंबरला काय करू" या काळजीनेच माणूस आज प्यायला बसतो. म्हणून मुदत २४ तासांची. सकाळी ठरवायचं, रात्री दिवस पार पडला की झोपायचं, सकाळी पुन्हा ठरवायचं. तलफ जोरात आली तर मुदत आणखी आखडायची: पुढची पंधरा मिनिटं. तलफ चढते आणि उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. तेवढ्या वेळात जागा सोडायची, पोटात काही घालायचं, स्पॉन्सरला (गटातल्या, आपल्याला आधार देणाऱ्या जुन्या सदस्याला) फोन करायचा. फोन प्यायच्या आधी करायचा असतो, नंतर नव्हे.

श्रावण पाळणं याच्या नेमकं उलट आहे. तिथे सगळी नजर श्रावण कधी संपतो यावर असते. शिवाय महिनाभर न पिता राहिलं की "माझा ताबा आहे" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

"पहिला पेला" हे त्याचंच दुसरं अंग. ए.ए.ची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी झाली. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे तिचे संस्थापक. १९३९ साली निघालेल्या त्यांच्या मूळ पुस्तकात दारूड्यांवर उपचार करणारे डॉ. सिल्कवर्थ यांनी दारूड्याच्या शरीरावर दारूचा होणारा परिणाम अ‍ॅलर्जीसारखा असल्याचं म्हटलं होतं. आजचं वैद्यक तो शब्द वापरत नाही, पण त्यांचं निरीक्षण टिकून आहे: अवलंबित्व आलेल्या माणसाची थांबायची ताकद पहिल्या पेल्याबरोबरच ढिली पडते. तिसऱ्या पेल्याशी भांडण्यात अर्थ नसतो. यात बिअर आली, वाईन आली, "नुसती चव" आली. "नॉन-अल्कोहोलिक" बिअरही टाळावी, काहींत थोडं अल्कोहोल असतंच आणि वास-चव तलफ जागी करते. खोकल्याचं औषध आणि टॉनिक घेताना लेबल वाचा.

निशिगंधा
एक राहिलं: भूक, राग, एकटेपण, थकवा. मला हे सगळ्यांत कामाचं वाटतं, कारण यात घरचे खरोखर काही करू शकतात. तलफ आली की आधी या चारांपैकी काय आहे ते बघायचं. पिणाऱ्याची संध्याकाळची वेळ ठरलेली असते आणि नेमकं तेव्हा पोट रिकामं असतं. पाच-सहाच्या सुमाराला पोहे, उसळ-पाव, काहीतरी पोटभर द्या. सुरुवातीला बरेच जण खिशात गोड ठेवतात. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून. झोप मात्र पुष्कळ आठवडे, कधी काही महिनेही, विस्कटलेली राहते. त्या काळात चिडचिड झाली की "पुन्हा प्यायलास का" असा संशय घेऊ नका. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानं तर अजिबात नकोत, त्यांचंही व्यसन लागतं.

"देवावर सोपवा" यावर नास्तिक माणसं अडतात. ए.ए.च्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांमध्ये "आम्हाला उमगलेला देव" असं म्हटलंय, आणि अनेकांसाठी तो म्हणजे समोर बसलेला गटच असतो. सोपवायचा असतो निकाल, प्रयत्न आपलेच. कर्ज, नोकरी, बायकोची नाराजी यांचा रात्रभर काथ्याकूट न करता आजचं जमणारं एक काम करायचं.

प्रमोद_नाशिक
ही वाक्यं त्याला ऐकवू नका. मिटिंगमध्ये ती बोलणारा स्वतः त्यातून गेलेला असतो, म्हणून ती टोचत नाहीत. तेच वाक्य आईनं जेवताना म्हटलं की टोमणा होतो. "आज कोण काय बोललं" हेही विचारू नका. तिथलं तिथेच राहतं, या भरवशावरच लोक बोलतात.

घरच्यांसाठी वेगळी वाक्यं आहेत, अल-अ‍ॅनॉन या नातेवाइकांच्या गटातली: हा आजार मी आणला नाही, मी ताब्यात ठेवू शकत नाही, मी बरा करू शकत नाही. याचा अर्थ हात झटकणं नव्हे. त्याच्या वतीनं ऑफिसला खोटा फोन करायचा नाही, उधारी फेडायची नाही, बाटल्या शोधत फिरायचं नाही. जेवायला मात्र हाक मारायची.

आणि कोणी सुचवलं तरी "न सांगता दारू सोडवणारं औषध" जेवणात मिसळू नका. त्यात डायसल्फिराम (दारूशी वाईट प्रतिक्रिया घडवणारं औषध) असलं आणि त्यावर दारू गेली, तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं असं होऊन जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते. ते औषध घेणाऱ्याला सगळं सांगून, तपासण्या करून, डॉक्टरच देतात.

मृण्मयी_ठाणे
खूप स्पष्ट झालं. मग "परत येत राहा" म्हणजे मधे प्यायला तरी चालतं असं का?

निशिगंधा
चालतं असं नाही. प्यायला तरी दार बंद होत नाही, एवढाच अर्थ. सदस्यत्वाची अट एकच: पिणं थांबवायची इच्छा. घसरलेला माणूस शरमेनं मिटिंग टाळतो आणि एका दिवसाचे पंधरा दिवस होतात. हे वाक्य त्या शरमेवर आहे. सुरुवातीला "९० दिवसांत ९० मिटिंग" सांगतात तेही म्हणूनच, पहिले तीन महिने घसरण्याचा धोका जास्त असतो. गावात रोज मिटिंग नसेल तर ऑनलाइन मिटिंग चालतात.

अवधूत
यात एक धोका सांगायलाच हवा. घसरून काही दिवस सतत प्यायला असेल, तर "आजपासून बंद" हे घरच्या घरी करू नका. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते आठ तासांत हात थरथरणं, घाम सुरू होतो. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त. दोन ते चार दिवसांत भ्रम, नसलेलं दिसणं, दिवस-रात्र न कळणं सुरू झालं तर ती थेट रुग्णालयात नेण्याची वेळ. आधी फिट येऊन गेली असेल तर थरथर सुरू व्हायचीही वाट पाहू नका. जास्त पिणाऱ्याला थायमिन (जीवनसत्त्व बी-१) लागतं, आणि सलाईनमधून ग्लुकोज द्यायच्या आधी ते दिलेलं बरं, म्हणून तो किती आणि कधीपासून पितो हे डॉक्टरांना न लपवता सांगा.

दुसरं, गटात कोणी "गोळ्या बंद कर, खरी सोब्रायटी (दारूमुक्ती) हवी" म्हणालं तर ऐकू नये. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये, ही ए.ए.ची स्वतःचीच भूमिका आहे. नैराश्याच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू राहतात.

प्रमोद_नाशिक
सल्ला लगेच हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत, दोन्ही निःशुल्क. गटारी जवळ आली की त्या संध्याकाळी मिटिंग कुठे आहे ते दोन दिवस आधीच विचारून ठेवायला त्याला सांगा, आणि घरी कोणी बाटली घेऊन येणार असेल तर त्याला तुम्हीच आधी फोन करून नको म्हणा.