बाण स्वस्त घ्या, स्पाइन (दांडीचा कडकपणा) मात्र चुकवू नका
काहीजण म्हणतात की धनुष्याने शिकारीला ०.००१ इंच सरळपणावालेच (म्हणजे दांडीत फार तर तेवढाच वाकडेपणा असलेले) बाण घ्या, मला नाही पटत. ०.००६ वाले बरेच स्वस्त पडतात आणि वीस-पंचवीस यार्डांवर तो फरक निदान माझ्या हाताला तरी कळत नाही. काटकसर इथे करा, स्पाइनमध्ये नको. आकडा लहान तेवढी दांडी कडक, म्हणजे ३४० ही ५०० पेक्षा कडक, आणि चार्ट बघताना धनुष्याचं पाउंडेज (ते ओढायला लागणारा जोर), बाणाची लांबी, टोकाचं वजन तिन्ही धरायचं. मी एकदा सेल बघून ५०० चे उचलले, फील्ड पॉइंटने (सरावाचं साधं टोक) मस्त एका जागी बसायचे पण ब्रॉडहेड (शिकारीचं पात्यांचं टोक) लावलं की एक इकडे एक तिकडे, डोकं फिरलं नुसतं, शेवटी कळलं की माझ्या धनुष्याला ते फारच मऊ होते. बाणाचं एकूण वजन धनुष्याच्या दर पाउंडामागे ५ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) खाली नकोच, शिकारीला त्याहून जड बरा. आणि जुने कार्बनचे स्वस्तात मिळाले तर प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून हलका वाकवून कानाशी न्या, करकर ऐकू आली की सरळ मोडून टाका, सोडताना फुटला तर तुकडे हातात घुसतात.