क्रूझवरचं रात्रीचं जेवण आणि ड्रेस कोड : तुमचे अनुभव लिहा

काल कपाट आवरताना नवऱ्याचं काळं डिनर जॅकेट हाताला लागलं आणि क्वीन मेरी 2 या जहाजावरची ती पहिली गाला इव्हनिंग, म्हणजे नटूनथटून जेवायला जायची फॉर्मल रात्रच आठवली. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क, सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो. संध्याकाळचे सहा वाजले की त्या जहाजाचा नूरच पालटतो, दुपारी डेकवर पांघरूण घेऊन पुस्तक वाचत पडलेली माणसं तासाभराने ओळखू येत नाहीत. त्या रात्रीची थीम ब्लॅक अँड व्हाइट. सासऱ्यांचा बो टाय खरा बांधायचा होता, क्लिपवाला नाही, आणि तो कोणालाच जमेना. आम्ही चौघं कॉरिडॉरमध्ये खटपट करतोय तोवर समोरच्या केबिनमधले एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले. भाषा एकमेकांची येत नव्हती. त्यांनी समोरून करून बघितलं, जमलं नाही, मग सासऱ्यांना आरशापुढे नेलं आणि मागे उभं राहून, स्वतःच्या गळ्यात बांधावा तसा बांधून दिला. जन्मभर कारखान्याच्या युनिफॉर्ममध्ये वावरलेला माणूस त्या रात्री ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये असा ताठ चालत आला की सासूबाई बघतच राहिल्या. मला हे ड्रेस कोड प्रकरण मनापासून आवडतं ते यामुळे. तुम्ही काय काय बघितलंय? फॉर्मल नाइट आवडणारे न आवडणारे सगळेच लिहा.

रात्रपाळी
मागे उभं राहून बांधला!!! हे वाचून फार छान वाटलं. सध्या एवढंच, पोरीला झोपवतेय.

सागरवेडी
आमच्या सात रात्रींच्या ट्रिपला दोन फॉर्मल नाइट होत्या, दोन्ही सी डेला, म्हणजे जहाज दिवसभर समुद्रातच असतं तेव्हा. बंदर असलं की लोक दिवसभर पायपीट करून पाच वाजता घामाघूम परत येतात, मग कोण नटणार. पहिल्या रात्री सहसा ठेवत नाहीत कारण तोवर कित्येकांच्या बॅगा केबिनला पोचलेल्याच नसतात, आणि शेवटच्या रात्री बॅगा झोपायच्या आधी दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळे तेव्हाही नाही. जुन्या अटलांटिक लायनर्सवर पण पहिल्या आणि शेवटच्या रात्री इव्हनिंग ड्रेस घालायचा नाही असाच रिवाज होता, ट्रंका उघडायच्या बांधायच्या असायच्या ना. बाकी सगळं बदललं पण बॅगांचा घोळ तोच

टिंबटिंब
मी विरुद्ध पार्टी. आठवडाभर ऑफिसात टाय लावतो, सुट्टीतही तेच करायचं? शिवाय बरोबर दोन वर्षांचं मूल. एनसीएलने (नॉर्वेजियन क्रूझ लाइन) 2000 साली फ्रीस्टाइल आणलं, पाहिजे तेव्हा पाहिजे तिथे जेवा, कोट सक्तीचा नाही, आमच्यासारख्यांसाठी तेच बरं. सेलिब्रिटी या क्रूझ कंपनीनेही 2015 च्या शेवटी फॉर्मल नाइट बंद करून त्याऐवजी जरा सैल नियमांची इव्हनिंग चिक रात्र केली. व्हायकिंग कंपनीच्या जहाजांवर तर फॉर्मल नाइटच नसते. लोकांना नको आहे म्हणूनच ना हे सगळं? आणि एका सूटमागे बूट, बेल्ट, शर्ट, विमानाच्या वजनात कोण बसवणार.

धागाकर्ती
@टिंबटिंब लहान मूल असताना दोन तास टेबलावर बसणं खरंच कठीण, पटलं. पण क्युनार्डवरही (क्वीन मेरी 2 ची कंपनी) सक्ती अशी नाही, नटायचं नसेल तर किंग्ज कोर्टला बुफे असतो, गोल्डन लायन पबमध्येही बसता येतं. मुख्य डायनिंग रूम, नाचाचा हॉल वगैरे जागा नटलेल्यांसाठी. मला ही सोय फार योग्य वाटते, दोघांनाही जागा.

टिंबटिंब
हो पण तिकीट सारखंच भरून मी बुफेला का जायचं हा मुद्दा आहेच. असो, भांडत नाहीये :)

मुक्तछंद
आमची बॅग विमान कंपनीने हरवली ती शेवटपर्यंत आली नाही. जीन्स आणि दोन टीशर्ट. गाला रात्री मी केबिनमध्येच जेवते म्हणून बसले होते, रडूच येत होतं खरं तर कारण लग्नाचा वाढदिवस. नवरा मुख्य वेटरला जाऊन भेटला. त्यांनी त्याला एक जॅकेट दिलं, बाह्या वीतभर आखूड. मला आमच्या टेबलावरच्या बाईंनी स्वतःचा काळा ड्रेस आणून दिला, नुसता दारावर टकटक करून, बरोबर सेफ्टी पिनांची डबी. ते फोटो आमच्याकडे मोठे करून लावलेत. जहाजावरचे फोटोग्राफर नेमके त्याच रात्री जिन्यापाशी पडदे लावून उभे असतात.

रात्रपाळी
@मुक्तछंद सेफ्टी पिनांची डबी पण!! किती समजूतदार बाई. झोपली एकदाची, आता वाचते नीट.

डोलकाठी
नॉर्थ अटलांटिकमध्ये टाचांच्या चपला घालणाऱ्या सगळ्या बायकांना माझा नमस्कार. जहाज हलत होतं आणि क्वीन्स रूम या नाचाच्या हॉलमध्ये लोक वॉल्ट्झ करतायत, एक जोडपं तर डोलण्याच्या तालावरच पावलं टाकत होतं. किल्टमधले (स्कॉटिश पुरुषांचा घागऱ्यासारखा पोशाख) एक आजोबा सगळ्यात सुंदर नाचले. आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख तिथे चालतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, उगाच टक्सिडो भाड्याने घेतात.

सागरवेडी
@टिंबटिंब एक सांगू का, कपड्याने सगळे सारखे दिसतात म्हणतात ते अर्धवटच खरं. क्वीन मेरीवर ग्रिल सुइटवाल्यांचं, म्हणजे सगळ्यात महागड्या केबिनवाल्यांचं, रेस्टॉरंटच वेगळं, केबिनच्या दर्जावर ठरतं. पण नाचायच्या हॉलमध्ये मात्र सगळे एकत्र येतात आणि तिथे कोण कुठल्या केबिनमधला काही कळत नाही. मला ती वेळ सगळ्यात आवडते

टिंबटिंब
हा मुद्दा मान्य. नाचाला येईन, जेवायला नाही.

पाटीपेन्सिल
थोडं अवांतर, आम्ही पुढच्या महिन्यात जातोय. केबिनमध्ये इस्त्री नेता येत नाही म्हणतात ते खरं का? आणि कपड्यांना वाफ द्यायचा स्टीमर?

डोलकाठी
दोन्ही नाही, आगीची भीती. सिक्युरिटीला सापडलं की काढून घेतात, शेवटी परत देतात. काही जहाजांवर लाँड्रोमॅट (आपले कपडे आपण धुवायची खोली) असतो, तिथे इस्त्री असते. क्वीन मेरीवर फुकट आहे पण गाला दिवशी दुपारी रांग विचारू नका, सकाळी नाश्त्याआधी उरकून टाक.

पाटीपेन्सिल
माझा मखमलीचा ड्रेस आहे, त्याला इस्त्री चालेल?

धागाकर्ती
अगं मखमलीला इस्त्री मुळीच टेकवू नकोस, लव बसते ती उठत नाही. आल्या आल्या बाथरूममध्ये हँगरला लाव, गरम पाण्याचा शॉवर थोडा वेळ चालू ठेव, वाफेने चुण्या जातात. आणि नेताना घडी न घालता गुंडाळून ने. कुठलं जहाज?

पाटीपेन्सिल
धन्यवाद ताई! हॉलंड अमेरिका कंपनीचं. गाला नाइटला ते आता ड्रेसी नाइट म्हणतात म्हणे.

रात्रपाळी
मग मखमल नेच. फोटो टाक इथे