पंचगंगेच्या वाहत्या पाण्यासाठी परवडणारे सेंटरपिन रीळ : कोणते घ्यावे आणि कसे जपावे?

प्रयागकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहतो आणि गेली सहा वर्षे सुट्टीच्या दिवशी पंचगंगेवर गळ टाकायला जातो. आजवर साधे स्पिनिंग रीळ वापरले आणि रंकाळा किंवा कळंबा तलावाच्या स्थिर पाण्यात त्याने कधी अडवले नाही. अडचण येते ती नदीत. पूर ओसरल्यानंतर आणि बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसण्याआधी जे दोन-चार आठवडे मिळतात, त्या काळात राजाराम बंधाऱ्याखाली पाणी माणसाच्या चालीने वाहत असते आणि तरंगता फ्लोट प्रवाहाबरोबर खाली सोडायची इच्छा होते. स्पिनिंग रिळाची तारेची कडी उघडी ठेवून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सोडला, की तो वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटतो, फ्लोट हिसके खातो आणि मासा लागल्यावर कडी मिटेपर्यंत आमिष थुंकून तो निघून गेलेला असतो.

म्हणून सेंटरपिन रीळ, म्हणजे मधल्या एका पिनवर ज्याचा ड्रम मोकळा फिरतो ते बिनगिअरचे रीळ, घ्यायचे ठरवले आहे. माझ्याजवळ ४,००० रुपयांच्या आसपास रक्कम आहे. मागच्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एक स्वस्त रीळ मागवले होते. ते हाताने फिरवले की बराच वेळ भिरभिरत असे, पण पाण्यावर गेल्यावर प्रत्येक फेऱ्यात मूठ खाली आली की ड्रम तिथेच थांबायचा. ते परत केले. आता प्रश्न असे आहेत : बेअरिंगचे घ्यावे की बुशचे (बुश म्हणजे पिनवर बसणारी धातूची साधी नळी), व्यास किती असावा, जुने रीळ घ्यावे का आणि आपल्या नदीच्या गाळात ते टिकवायचे कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना गळवाला

दादा, तुमच्या परत केलेल्या रिळातच तुमच्या निम्म्या प्रश्नांचे उत्तर आहे. रीळ किती वेळ भिरभिरते, यावरून त्याची पारख करणे ही सगळ्यात मोठी चूक, कारण जड ड्रमला एकदा गती मिळाली की तो आपल्याच वजनाने फिरत राहतो. प्रवाहात मात्र फ्लोट ड्रमला जोराने ओढत नाही; पाण्याची ओढ अगदी हलकी असते आणि तेवढ्या ओढीवर ड्रम जागचा हलला पाहिजे. रीळ फिरते किती, यापेक्षा ते फिरायला लागते कशावर, हे पाहा.

याची परीक्षा दुकानात किंवा विकणाऱ्याच्या दारात उभ्या उभ्या करता येते. रीळ काठीवर जसे बसते तसे हातात उभे धरा, तंगूसाचा हातभर तुकडा खाली सोडा आणि त्याच्या टोकाला दोन ग्रॅमच्या आसपासचा शिशाचा मणी दाबून बसवा. मणी सावकाश, न अडखळता जमिनीकडे उतरला तर रीळ घेण्याजोगे आहे. हीच परीक्षा मूठ वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे असताना करा. एकाच जागी अडकत असेल तर ड्रमचा तोल बिघडलेला आहे. ज्या रिळाला समोरासमोर दोन मुठी असतात, त्यात हा दोष सहसा येत नाही. एकच मूठ असेल तर तिच्या समोरच्या बाजूला तोलाचे वजन बसवलेले आहे का, ते पाहून घ्यावे. तुमच्या त्या रिळात बहुधा ते वजन नव्हते.

व्यासाबद्दल माझे मत ठाम आहे. ४ ते ४.५ इंच घ्या. सेंटरपिनमध्ये गिअर नसतो, मुठीचा एक फेरा म्हणजे ड्रमचा एकच फेरा, त्यामुळे ४.५ इंची ड्रमच्या कडेवर हिशेब केला तरी एका फेऱ्यात जेमतेम ३६ सेंटिमीटर तंगूस परत येतो आणि प्रत्यक्षात त्याहूनही थोडा कमी. ३ इंची रीळ स्वस्त मिळते, हातात सुबक दिसते, पण ३० मीटर खाली गेलेला फ्लोट परत आणताना मनगट भरून येते. मोठ्या व्यासाचा आणखी एक फायदा म्हणजे तंगूस पिनपासून लांब असतो, त्यामुळे तेवढीच ओढ ड्रमला जास्त सहज फिरवते.

नव्यापैकी ओकुमा कंपनीचे अव्हेंटा हे या वर्गातले बरेच प्रचलित रीळ आहे. ते बेअरिंगवर फिरते. तुमच्या रकमेत ते नवे बसेलच असे नाही, त्यामुळे वापरलेले मिळते का ते पाहावे. बंगालमध्ये ज्याला ‘हुइल’ म्हणतात, ती साधी रिळे मूळ याच तत्त्वावर चालतात. ती स्वस्त असतात, मात्र दहा रिळे हाताळून त्यांतले एक निवडावे लागते. अगदी साध्या पिनवर फिरणाऱ्या रिळाला कमी लेखू नये. इंग्लंडमध्ये ट्रेंट नदीच्या काठी नॉटिंगहॅमला १९व्या शतकात लाकडी ड्रमची जी रिळे बनत, त्यांत बेअरिंग नव्हते, तरीही वाहत्या पाण्यात फ्लोट सोडण्याची ही सगळी पद्धत त्यांच्यावरच घडली.

लेथवाला, उद्यमनगर

वरील काकांशी मी सहमत आहे. माझे काम लेथवर चालते, त्यामुळे पिन आणि बुशबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. कोल्हापूरकरांनी जुन्या रिळाला घाबरण्याचे कारणच नाही, कारण ज्या गावात पंपाचे आणि इंजिनाचे भाग घडतात, तिथे रिळाचा एक बुश बनवून घेणे ही अर्ध्या दिवसाची गोष्ट आहे.

जुने रीळ घेताना ड्रम कडेला दोन बोटांनी धरून हलवून पाहा. किंचित खेळ असला तर चालतो. त्यानंतर ड्रम सावकाश फिरवत ड्रम आणि मागची थाळी यांच्यामधली फट पाहत राहा. ती सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. फट एका बाजूला रुंदावत आणि दुसऱ्या बाजूला मिटत असेल तर ड्रम वाकडा आहे किंवा पिन वाकली आहे. झिजलेला बुश बदलता येतो, वाकलेली पिनसुद्धा नवी टर्न करून बसवता येते, पण ड्रमच वाकडा असेल तर ते रीळ फुकट मिळाले तरी घेऊ नका.

माझ्या स्वतःच्या रिळात मूळ पितळी बुश होता आणि तो लंबगोल झाला होता. मी ८ मिमीच्या पिनसाठी गनमेटलचा बुश केला, आतून रीमर (भोक मापात आणायचे हत्यार) मारला आणि पिन व बुश यांच्यात ०.०२ ते ०.०४ मिमीच्या दरम्यान मोकळीक ठेवली. त्याहून घट्ट ठेवले तर तेलाचा थरच ड्रमला धरून ठेवतो आणि त्याहून सैल ठेवले तर ड्रम डुलतो. स्टेनलेसच्या पिनवर स्टेनलेसचाच बुश मात्र कधीही बसवून घेऊ नका. एकाच जातीचे दोन धातू घासले की एकमेकांना चावतात आणि पिनवर ओरखडे उठतात.

बेअरिंगच्या रिळाचे दुखणे वेगळे. नवे बेअरिंग ग्रीस भरून येते आणि ते ग्रीस मोटारीच्या वेगासाठी योग्य असले तरी फ्लोटच्या ओढीसाठी फार घट्ट असते. बेअरिंग काढता येत असेल तर ते बाटलीत थोडे पेट्रोल घेऊन हलवून धुवा (उघड्यावर आणि विस्तवापासून दूर), पूर्ण वाळू द्या आणि शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. बेअरिंग बदलायचे झाल्यास पत्र्याच्या झाकणाचे घ्या. रबरी सीलचे बेअरिंग गाळ चांगला अडवते, पण सीलच इतके घासते की रीळ हलक्या ओढीवर निघत नाही.

आता गाळाबद्दल. पावसाळ्यानंतर पंचगंगेच्या पाण्यात जो बारीक गाळ असतो, तो बोटांना लागतही नाही, पण तेलात मिसळला की त्याचे घासणीचे मलम तयार होते. पिन काळी दिसू लागली की समजावे, बुश झिजत आहे. म्हणून प्रत्येक फेरीनंतर घरी आल्यावर ड्रम काढावा, पिन जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने पुसावी, बुशाच्या आतून तोच कपडा काडीला गुंडाळून फिरवावा आणि कपड्यावर काळे उमटायचे थांबेपर्यंत हे करत राहावे. त्यानंतर एक थेंब तेल. दोन थेंब टाकले तर दुसरा थेंब फक्त धूळ गोळा करतो. पिनवर पॉलिश पेपर मारण्याचा मोह आवरावा. चकाकी येते, पण माप जाते.

भोगावतीकाठ

आधीच्या दोघांनी रिळाबद्दल सगळे सांगितले आहे, मी फक्त तंगूसाबद्दल लिहितो. ड्रम काठोकाठ भरू नका. ०.२० मिमी जाडीचा तरंगणारा साधा मोनो (एकपदरी नायलॉन तंगूस) १०० मीटर पुरतो. फ्लुरोकार्बनचा तंगूस पाण्यात बुडतो आणि फ्लोटला मागे ओढतो. ड्रम खोल असेल तर खाली जुना तंगूस गुंडाळून जागा भरावी. गुंडाळताना फार ताण देऊ नका, नाहीतर वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो आणि ऐन वेळी रीळ हिसका देते. राधानगरीतून पाण्याचे आवर्तन सुटते, तेव्हा आमच्या भागातल्या बंधाऱ्यांखालीही उन्हाळ्यात चांगली धार मिळते, त्यामुळे हे रीळ केवळ दसऱ्याच्या आसपासच उपयोगी पडते असे नाही. मासेमारीचा ठेका दिलेला असेल तिथे आधी परवानगी घ्यावी.

आणि दादा, लागलेला मासा थोपवायला यात ब्रेक नसतो. ड्रमच्या कडेवर अंगठा टेकवूनच त्याला आवरायचे असते. मोठा रोहू सुटला की फिरत्या मुठीच्या वाटेत बोटे आणू नका. माझे नख एकदा निळे झाले होते.

प्रयागकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलेली मण्याची परीक्षा मी तीन रिळांवर केली. दोन नवी होती, पण त्यांत मणी जागचा हलला नाही. तिसरे ४.५ इंची, दोन मुठींचे, वापरलेले रीळ सांगलीच्या एका गृहस्थांकडून २,२०० रुपयांना मिळाले. त्यातही मणी थांबत थांबत उतरत होता, मात्र फट सगळीकडे सारखी होती, म्हणून घेतले.

घरी ड्रम काढला तर पिनवर मधासारखे घट्ट झालेले जुने ग्रीस होते आणि त्यात बारीक वाळू चमकत होती. ते सगळे रॉकेलने काढले, पिन पुसली तेव्हा एका बाजूला नखाला जाणवेल न जाणवेल असा ओरखडा दिसला. तेलाचा एक थेंब दिल्यावर मणी चारही बाजूंनी न थांबता उतरतो. लेथवाले दादा, एवढा ओरखडा असताना बुश बदलावा का, की हा हंगाम तसाच काढावा?

लेथवाला, उद्यमनगर

तसाच काढा. बरगे बसले की पिन आणि ड्रम घेऊन या, मोकळीक मोजून मग ठरवू.