देव न मानणाऱ्याला नागपुरात कोणती एए मीटिंग बरी पडेल?

हिंगणा_फिटर
नमस्कार मंडळी. वय ४१, हिंगणा एमआयडीसीत फिटर. दिवाळीनंतर व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आलो. निघताना काउन्सेलर मॅडमनी बजावलं, गोळ्या संपल्या म्हणजे काम संपलं असं समजू नका, एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचे समूह) मीटिंग धरा. धरायची आहे, पण कोणती?

घराजवळच्या समूहात जाऊन आलो. शाळेची खोली, बाकं लहान पोरांची, गुडघे मावेनात. माणसं चांगली. पण समोरच आमच्या लाइनचा सुपरवायझर बसलेला! तो हसला, अन् मी भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता वाचत बसलो. उद्या कंपनीत याच्यासमोर उभं कसं राहायचं?

दुसरी अडचण मोठी. शेवटी सगळे उभे राहून ईश्वराची प्रार्थना म्हणतात. मी बौद्ध. आमच्या हॉलमध्ये बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे, वडिलांनी दीक्षाभूमीवरून आणलेली. सतरावी दारूचीच. आई रोज धूळ पुसते, तेव्हा त्या ओळीवर फडकं जरा जास्तच फिरते असं मला वाटते. तर देवाच्या हाती आयुष्य सोपवायचं, ही एएच्या बारा पायऱ्यांतली तिसरी पायरी आली की माझं गाडं अडते. विहारात जातो, पंचशील म्हणतो, पाचवं शील तेच आहे. पण तिथं सगळी वस्ती ओळखते. ‘काल प्यावंसं वाटलं’ हे तिथं कोणापुढं बोलू?

हिंदी मीटिंगही चालेल. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मात्र संध्याकाळ मिळत नाही. मेट्रोनं लोकमान्य नगरहून बर्डीपर्यंत येऊ शकतो.

बर्डीवाला_काका
भाऊ, जय भीम. मीही त्याच घरातला. प्रार्थनेच्या वेळी नुसता उभा राहतो, ओठ हलवत नाही. इतक्या वर्षांत कोणी काऊन म्हणून विचारलं नाही. एएत यायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रनला हे सुरू झालं, १९३९ च्या पुस्तकात पायऱ्या छापल्या, तेव्हाच त्यांच्यातल्या नास्तिकांनी भांडून देवाच्या पुढं ‘जसा आम्हाला उमगला तसा’ हे शब्द घालून घेतले. म्हणजे तुमचं भांडण जुनंच आहे. माझ्यापुरती ती मोठी शक्ती म्हणजे खोलीत बसलेली दहा-पंधरा माणसं. मला एकट्याला जमलं नाही, त्यांच्यासोबत जमून राहिलं, एवढा हिशेब पुरते.

सुपरवायझरचं म्हणाल, तर तो तिथं भजी खायला आला होता का? तुम्ही त्याला पाहिलं तसं त्यानंही तुम्हाला पाहिलं. तोही घाबरलाच असेल.

एका समूहावरून ठरवू नका. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कुठं वाचन जास्त, कुठं नुसतं शेअरिंग, कुठं एकच जण अर्धा तास घेतो (अशा समूहात मी टिकलो नाही). सुरुवातीला बोलायची सक्ती नसते. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, वाटलं तर दहा-वीस टाका. ओपन मीटिंगला घरचे येऊ शकतात, क्लोज्ड फक्त आपल्यासाठी. नवीन माणसानं क्लोज्डमध्ये जावं असं माझं मत.

विदर्भ_एक्स्प्रेस
विहारातच चार जण मिळून का बसत नाही? देवाचा प्रश्नच मिटला.

बर्डीवाला_काका
कल्पना चांगली, पण त्या चारांत जुना सोबर माणूस कोण? चौघंही नवे असले की एक घसरला तर बाकीचे कोणाकडं पाहणार? आधी इथं मुरू द्या.

मानेवाड्याची_ताई
माझे मिस्टर ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून सुरुवातीला मानेवाड्याहून थेट सदरला जायचे. पेट्रोलवरून मी कुरकुर केली, पण सवय लागेपर्यंत ते दूरचंच बरं पडलं. आता जवळ जातात. दादा, घरच्यांसाठी अल-ॲनॉन असते, आईंना नाहीतर वहिनींना जरूर पाठवा. मी तिथं जाऊन खिसे तपासायचं सोडलं.

वॉर्ड_सिस्टर
सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ऑनलाइन मीटिंग बघा, सकाळच्याही असतात. आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: रोज भरपूर पिणाऱ्यानं मीटिंगच्या जोशात घरच्या घरी एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत थरथर वाढून फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. जीवावर बेतते. आधी डॉक्टर. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मन फारच खचलं तर टेलिमानस १४४१६.

हिंगणा_फिटर
सगळ्यांचे आभार. सुपरवायझरशी बोललो, सायकल स्टँडवर. आधी पाच मिनिटं आम्ही दोघंही बेअरिंगबद्दलच बोलत होतो. मग तोच म्हणाला, ‘तू मंगळवार घे, मी शुक्रवार घेतो, एकमेकांसमोर दोघांनाही बोलणं होणार नाही.’ वाटणी झाली. पण मला काकांचाही समूह पाहायचा आहे. गुरुवारी आलो तर परतीची मेट्रो मिळेल नं?

बर्डीवाला_काका
मीटिंग साडेआठला सुटते, गाड्या दहापर्यंत असतात. ॲक्वा लाइननंच मी सुभाषनगरला उतरतो, सोबत जाऊ. बर्डी स्टेशनला पावणेसातला या, नंबर मेसेजमध्ये टाकतो. इथं नको.