फ्युएल रेल कापायच्या आधी प्रेशर बघा
भाऊ, इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून पेट्रोलवर चालणाऱ्या ट्रकच्या स्टॉक (कंपनीच्या मूळ) फ्युएल रेलचं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं, बंद टोक कापून मोठं फिटिंग जोडायचं म्हणताय, पण आधी फुल लोडवर गेज लावून प्रेशर बघा, ते पडत असेल तर बहुतेक वेळा पंप, फिल्टर नाहीतर बारीक लाइन कमी पडत असते, रेल नाही. तरी करायचंच असेल तर दोन्ही टोकांनी फीड द्या. इंदूरात सांवेर रोडला लेथवाले करून देतील, फक्त ब्रेझिंगआधी (पितळ वितळवून जोड देण्याआधी) रेल पूर्ण रिकामी करून धुवा, आतली वाफ पेटते! धातूचा कीस राहिला तर इंजेक्टर चोक होणार. आणि डिझेल कॉमन रेलला कृपा करून हातसुद्धा लावू नका, पोर्ट इंजेक्शन (सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणाऱ्या) पेट्रोल इंजिनात प्रेशर ३-४ बार, तर डिझेल कॉमन रेलमध्ये १६०० बार आणि वर, डिझेलची बारीक धारसुद्धा कातडी फाडून आत शिरते.